दोष वंशाला लागतो म्हणे

"हात वर कर," तात्या म्हणाले. "सगळ्या गावाला दिसू दे."

मी उजवा हात वर केला. नऊ वर्षांचा होतो. शिमग्याचे दिवस, भर दुपार, पायाखाली तापलेला कातळ. समोर सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसवतात त्या दगडी चौथऱ्यावर, गावदेवीची पालखी. भोवती सगळा गाव. तात्या आमच्या गावचे गावकार. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा आणि देवळात त्यांचा मान पहिला.

"ह्याच हातान शिवलास?"

"होय."

"होय काय? होय तात्यानू म्हण."

"होय तात्यानू."

मागून कोणीतरी म्हणालं, "दांड्याला चामड्याचा वास येतो काय बघा रे." लोक हसले. हात खाली घ्यायचा नाही असं सांगितलं होतं. मी घेतला नाही.

मग माझे वडील पुढे आले. सहाणेपासून आमच्या वाडीची वाट फुटते तिथपर्यंत नाक घासत जायचं, असं ठरलं होतं. ते गुडघ्यांवर बसले आणि निघाले. मी वर हात करून उभा होतो. बाबांकडे बघायचं नव्हतं, म्हणून वाटेपर्यंत किती पावलं होतील ते मनात मोजत होतो. सव्वीस पावलं. मी आयुष्यात मोजलेलं ते पहिलं अंतर. आज मी रत्नागिरीत मोजणी खात्यात भूकरमापक आहे. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ लोकांच्या जमिनी मोजतोय. पण कुठलंही अंतर त्या सव्वीस पावलांइतकं लांब वाटलं नाही.

मी काय केलं होतं ते सांगतो. आम्ही चर्मकार. गावात घरं एकशे त्रेचाळीस, त्यातली आमची नऊ. शिमग्यात पालखीपुढे जे ढोल वाजतात ते मढवायचं काम आमच्या घराचं. कातडं आणायचं, भिजवायचं, दोऱ्या ताणायच्या, सगळं बाबा करायचे. ढोल देवळात जायचा. बाबा बाहेर थांबायचे. त्या दिवशी एका ढोलाची दोरी सैल झाली म्हणून बाबांना उतारावर बोलावलं. मी सोबत होतो. पालखी नाचवत आणत होते. खांदा देणाऱ्या एकाचा पाय निसटला आणि दांडा कलला. पालखी माझ्या अंगावर येत होती. मी हात लावला आणि दांडा धरला. दोन, फार तर तीन सेकंद. पालखी सावरली.

ढोल थांबले. "कुणाचा पोर हा?"

एवढंच.

नंतर कौल लावला. म्हणजे गुरवाने देवीच्या दगडाला उजवीकडे आणि डावीकडे ओले तांदूळ चिकटवले आणि देवीला विचारलं, कोपलीस काय? डावीकडचे तांदूळ आधी पडले. डावा कौल वाईट, उजवा चांगला. तात्यांनी अर्थ सांगितला. देवी कोपली आहे. आतापर्यंत पालखी चर्मकारवाडीच्या तोंडापर्यंत यायची, ती यापुढे येणार नाही. दोष निघेपर्यंत.

हे सगळं गावाने केलं. त्यावर मला लिहायचं आहेच. पण ज्याच्यामुळे झोप लागत नाही ते वेगळं आहे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी मला दिव्यापुढे बसवलं. त्यांच्या नाकाची साल निघालेली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शिकवलं, "म्हण, आई, माझा हात चुकला. मला पदरात घे." मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं. दहावी होऊन शिकायला रत्नागिरीत येईपर्यंत रोज म्हटलं. सात वर्षं. अडीच हजार वेळा तरी. तात्यांनी मला एकदा उभं केलं होतं. बाबांनी रोज केलं. आणि बाबांनी ते मायेने केलं. त्यांना वाटायचं, पोराला देवीच्या रागापासून वाचवतोय. मलाही तसंच वाटायचं. प्रसाद घेण्याआधी मी उजवा हात दोनदा धुवायचो. हात चुकला होता की नव्हता, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. प्रश्न पडायच्या आत उत्तर पाठ झालं होतं.

तरी मी माझ्या मुलीला तेच दिलं.

रेवा आता बारा वर्षांची आहे. सातवीत. ती चार वर्षांची असल्यापासून आमच्याकडे रोज दिवा, रोज पाया पडणं. माफीचं वाक्य तिला शिकवलं नाही, पण बाकी सगळं. मोठ्यांनी सांगितलं की वाकायचं. का, हे विचारायचं नाही. एकदा तिने विचारलं होतं, "पप्पा, देवी रागावली हे तुम्हाला कसं कळतं?" मी म्हणालो, "असं विचारू नये." मला उत्तर माहीत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

माझ्या बायकोचं म्हणणं सरळ आहे. ती म्हणते, "पोरांना काहीतरी धरायला लागतं. आपण नाही दिलं तर बाहेरचं कोणीतरी देईल, आणि ते काय देईल सांगता येत नाही." हे खोटं नाही. ऑफिसात माझ्यासोबत काम करणारा एक बौद्ध मित्र आहे. त्यांच्या वाडीने शिमग्याची कामं त्याच्या आजोबांच्या वेळीच सोडली. तो मला चिडवतो, "तुमी अजून ढोल मढवताव? आनि वर नाकपन तुमीच घासायचं?" त्याचा मुलगा रोज वंदना म्हणतो. मी विचारलं, "त्याला विचारलंस काय, म्हणायची आहे का?" तो म्हणाला, "इचारायचं काय त्यात? आपलंच हाय ना." फरक मला दिसतो. त्याच्या मुलाला जे शिकवतात त्यात मुलगा गुन्हेगार नाही. पण न विचारणं दोन्हीकडे सारखंच.

या वर्षी शिमग्याच्या आधी पंधरा दिवस फोन आला. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांचा मुलगा गावकार आहे. त्याला सगळे भाऊ म्हणतात. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालाय, बोलतो गोड.

"अरे, आता जातपात कोण मानतंय?" भाऊ म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. यंदा पालखी तुमच्या दारात आणायची. वाडीच्या तोंडाशी नाही, थेट अंगणात. तुझ्या बापसाचं वय झालं. त्यांची इच्छा पुरी करू."

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.

"फक्त तेवढा जुना दोष काढून टाकू," भाऊ म्हणाले. "देवीचं देवीला दिलंच पाहिजे. तुझ्या हातून झालं होतं, म्हणजे तुझ्या वंशाला लागलं. तुझ्या पोरीला आण. एक नारळ, एक गाऱ्हाणं. पाच मिनिटांचं काम."

मी हो म्हणालो. हे मी लपवणार नाही. कायदा काय सांगतो ते मला माहीत आहे. सरकारी नोकर आहे मी. तरी हो म्हणालो, कारण भाऊंनी फोन बाबांकडे दिला तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "येणार रे, आपल्या अंगणात येणार," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. एकोणचाळीस वर्षं ते पालखीची वाट बघत होते, आणि एकोणचाळीस वर्षं त्याच पालखीचे ढोल मढवत होते. मी रेवाला सांगितलं, देवीच्या पाया पडायचं आहे. कशासाठी ते सांगितलं नाही.

बाबांनी अंगण स्वतः सारवलं. वय शहात्तर. सकाळी नऊपासून नवं धोतर नेसून बसले होते. अंगण आमचं लहान, नऊ मीटर बाय सहा. पालखी आली तेव्हा रस्त्यापासून माणसं उभी होती. पालखी अंगणाच्या कडेला थांबली. आधी गाऱ्हाणं, मग आत.

गुरवाने रेवाच्या हातात नारळ दिला आणि तिला पुढे उभं केलं. मग त्याने सुरू केलं. "हे आई, बारा वाड्यांचे धनीण! ह्या लेकराच्या बापसाच्या हातून जी चूक झाली, ती ह्या वंशाला लागली असंल, तर हे लेकरू आज तुज्या पायाशी नाक घासून माफी मागताय, ती मानून घे. होय म्हाराजा?"

"होय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. बाबा सगळ्यात मोठ्याने म्हणाले.

रेवाने वळून माझ्याकडे पाहिलं. "पप्पा, मी काय केलं?"

गुरव म्हणाला, "काय नाय गो बाय. नुसतं नाक टेकव."

आणि ती वाकायला लागली.

तिला उत्तर मिळालं नव्हतं. तरी वाकली. गुडघे टेकले, नारळ छातीशी धरला, आणि मान खाली घालायला लागली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कोणी हात धरला नव्हता. मोठ्यांनी सांगितलं की वाकायचं, हे तिला आठ वर्षं शिकवलं होतं. गावाने नव्हे. मी.

"रेवा, उठ," मी म्हणालो.

ती तशीच राहिली. तिला कळेना कोणाचं ऐकायचं. मी जाऊन तिला उठवलं. नारळ गुरवाच्या हातात दिला.

"चूक झालेली नाही," मी म्हणालो. "पालखी पडत होती. मी धरली. धरली नसती तर देवी कातळावर पडली असती. तिथे जे होते त्या सगळ्यांना हे माहीत आहे."

त्या दिवशी तिथे असलेली चार-पाच म्हातारी माणसं आजही उभी होती. त्यांनी खाली पाहिलं.

भाऊ पुढे आले. अजूनही गोडच बोलत होते. "जुनं कशाला उकरतोस? आम्ही तुमच्या दारापर्यंत आलो ना?"

"माझ्या मुलीचं नाक घासून येत असाल तर येऊ नका."

"शिकलेत ना," मागून एकजण म्हणाला. "आता देवीलाच शिकवतील."

"मग पालखी फिरवावी लागंल," भाऊ म्हणाले. "इचार कर. बापसाकडं बघ."

मी बापसाकडे बघितलं. बाबा अंगणाच्या मध्ये उभे होते, दोन्ही हात जोडून. "भाऊनू, थांबा," ते म्हणाले. "पोरीचं ऱ्हाऊ दे. माजं घ्या. मी घासतंय." आणि ते गुडघ्यांवर बसायला लागले. शहात्तराव्या वर्षी. सारवलेल्या अंगणात, नव्या धोतरात.

मी त्यांना काखेत हात घालून धरलं.

"सोड," ते म्हणाले.

मी सोडलं नाही. ते हलके झालेत. नऊ वर्षांचा असताना मला ते उचलता आले नव्हते.

पालखी फिरली. ढोल सुरू झाले. वाट उतरून नदीपर्यंत जाईस्तोवर ऐकू येत होते.

बाबा ओटीवर बसले. मग म्हणाले, "माज्या दारात देवी येत होती. तू आडवा आलास."

"होय," मी म्हणालो. "आलो."

"मी तुला काय वाईट शिकवलं?"

"चूक नसताना माफी मागायला शिकवलंत, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लेकराला देवाचा धाक नको? धाक नसला तर पोर कुटं जाईल, कोन बघनार?"

माझी देवीवर श्रद्धा आहे की नाही, तेच मला ठाम सांगता येत नाही. दिवा अजून मी लावतो. रेवाने शिमग्यापासून हात जोडलेले नाहीत, आणि मी तिला विचारलेलं नाही. एकदा तीच म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?" मी तिला सगळं सांगितलं. सव्वीस पावलं, वर केलेला हात, ते वाक्य. ती म्हणाली, "आणि तरी तुम्ही मला तिथे नेलं?"

बायको म्हणते, म्हाताऱ्याची एक इच्छा होती. पाच मिनिटांचा प्रश्न होता. मी ती पाच मिनिटं रोज तपासतो. कामावर असताना, चढावर मोजणीची साखळी धरून उभा असताना, मध्येच. उद्या बाबा गेले आणि तोवर पालखी दारात आलेली नसली, तर त्याला जबाबदार मी. हे मी कोणाच्या माथी मारणार नाही. देवीच्या तर नाहीच.

पण काही गोष्टी आता ठरल्या. रेवाने विचारलं तर मी काय मानतो ते सांगेन, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन. तिने माझा देव घेतला तर घेईल, टाकला तर टाकेल. त्याला दोष म्हणणार नाही, आणि घरात कोणाला म्हणू देणार नाही. जिच्यात ती आधीच चुकलेली आहे अशी प्रार्थना तिच्या तोंडात घालणार नाही. गावकीला पत्र पाठवलंय, सहीनिशी. आमच्या घराबद्दल पुन्हा कौल लावायचा नाही. लावलात तर पुढचा कागद पोलिसांकडे जाईल.

आणि उद्या त्यांनी तरीही लावला, उजवा पडला, वाजतगाजत बोलावणं आलं, तरी माझी मुलगी माफी मागणार नाही. मीही मागणार नाही. बाबा मागायला खाली बसले, तर मी त्यांना धरून उठवीन. जितक्या वेळा बसतील तितक्या वेळा.