फळीखालचा कोपरा

दौंडच्या आमच्या घरात घरघंटी आली तेव्हा मी नववीत होते. पिठाची धूळ पुढं येऊ नये म्हणून आईनं ती मागच्या खोलीत ठेवली. मीटर पुढच्या भिंतीवर. मधे एकच कोपरा, आणि त्या कोपऱ्यात फळीवर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो.

आईनं गल्लीतल्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ज्वारी-बाजरीचे चार डबे सकाळपासून ओट्यावर होते. संध्याकाळच्या भाकरीचं पीठ आमच्याकडून जाईल, हा तिचा शब्द होता.

वायरिंग करायला रेल्वेतून रिटायर झालेले मामा आले. नात्यातले नव्हते, सगळा वॉर्डच त्यांना मामा म्हणायचा. त्यांनी केबलचं भेंडोळं अंगणात उन्हात ठेवलं. "तापली की जरा ऐकती," म्हणाले. माझ्या बोटाएवढी जाड केबल, आत ॲल्युमिनियमच्या तारा. तापूनही ती भेंडोळ्याचा आकार सोडेना. मी एक टोक धरून उभी होते आणि मधला भाग उसळून माझ्या हातावर बसत होता.

"ही वायर न्हाई, नवी सून हाय," मामा म्हणाले. "हितं दाबली की तिथनं उठती."

"मग दाबता कशाला सुनेला?" आई म्हणाली.

केबल फळीच्या खालून, कोपऱ्याला अगदी चिकटून जावी असं आईचं म्हणणं. फोटोवरून वायर न्यायची तर गोष्टच नको. मामांनी अंगठ्यानं दाबून केबल वळवली. ती फुगून फळीला टेकली.

"अजून आत घ्या की."

"ताई, ॲल्युमिनियम हाय. एकदा वाकंल, दोनदा वाकंल, तिसऱ्यांदा आतल्या आत तुटंल. वरनं कळायचं बी न्हाई. आन् दुसरा तुकडा न्हाई आपल्याकडं."

तरी त्यांनी ती सरळ करून पुन्हा वाकवली. पुन्हा तेच.

भेंडोळ्यासोबत आलेला इंग्रजी कागद माझ्या हातात होता. केबलच्या जाडीच्या आठपट तरी वळणाची त्रिज्या ठेवा, असं त्यात होतं. मी कंपासनं वहीच्या मागं तेवढी कमान काढून पाहिली होती. वही कोपऱ्याला धरली तर ती बरोबर फळीच्या ब्रॅकेटमधून जात होती. म्हणजे हलायला हवी होती ती फळी.

हे बोलायचं कसं? इंग्रजी शाळेनं पोरगी घरची राहिली नाही, असं मावशी माझ्यासमोरच म्हणायची. मीच वायरीसाठी बाबासाहेबांचा फोटो हलवा म्हणाले असते तर तिचंच खरं झालं असतं. मी कागदाची घडी घातली.

"एकदाच अजून, मामा," आई म्हणाली. मामांनी अंगठे टेकवले.

"फळी हलवू या," मी म्हणाले.

आईनं वळून पाहिलं. "वायरीसाठी?"

"तुटली तर आज दळण नाही." मी समोरची, खिडकीजवळची भिंत दाखवली.

मामांनी केबलवरचा हात काढला. "छोटी कारभारीण बरोबर बोलती," ते म्हणाले.

आईनं पदराला हात पुसले, आधी मूर्ती, मग फोटो दोन्ही हातांनी उतरवून माझ्याकडं दिला. मामांनी फळी खिडकीजवळ ठोकली. आईनं मूर्ती आणि फोटो वर मांडले, मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि मग म्हणाली, "आता घ्या."

मामांनी स्वयंपाकघरातला तांब्या मागितला. कोपऱ्यात तांब्या धरून त्याच्या पोटावरून केबल हळूहळू फिरवली. एकाच प्रयत्नात बसली.

संध्याकाळी शेजारची काकू डबा न्यायला आली. घरघंटी अजून घरघरत होती. तिनं रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

"फोटो का गं हलवला?"

"हिनं सांगितलं," आई मोठ्यानं म्हणाली. "हितं उजेड चांगला हाय. डबा धर, गरम हाय पीठ."