नुसतं बसायचं काम

सर गेले त्याला अडीच महिने झाले होते. सर म्हणजे माझे पती. शाळेत ते खेळाचे शिक्षक होते, सगळं पालम गाव त्यांना सरच म्हणायचं, आणि लिहिताना मलाही तेच सोपं जातं.

एका दुपारी तीन बायका घरी आल्या. सरांच्या संघातल्या मुलींच्या आया. सर काही वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिराला गेले होते आणि येताना ऑस्ट्रेलियन फुटबॉल घेऊन आले होते. चेंडू कोहळ्यासारखा लांबट. तो पायानं मारायचा, हातानं झेलायचा, मुठीनं ठोसून दुसरीकडे द्यायचा. गावात कोणी असला खेळ पाहिला नव्हता. तरी सोळा-सतरा मुली जमल्या आणि दरवर्षी थंडीत, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, दीड-दोन महिने त्यांचा सराव चालायचा.

"सर होते तवर आमाला घोर नव्हता," त्यांच्यातली वयानं मोठी बाई म्हणाली. "आता पोरी एकट्या मैदानावर. बाजूनं रस्ता. कोणी तरी मोठं माणूस बसलं पायजे, न्हाई तर बंद करावं म्हणायलेत घरचे."

"मला त्या खेळातलं काहीच कळत नाही," मी म्हणाले.

"कळायचं काय काम हाय? नुसतं बसा."

"अजून वर्ष व्हायचंय."

"देवळात थोडंच बोलवायलोत, काकू."

मी हो म्हणाले. ग्रंथालयातली नोकरी संपल्यापासून आणि सर गेल्यापासून दुपारी चारनंतर घरात काहीच हलत नसे. पण खरं सांगायचं तर मला उत्सुकताही होती. तीस वर्षं सर रोज त्या मैदानावर गेले आणि मी एकदाही गेले नाही. कधी कधी रागही यायचा त्या मैदानाचा.

पहिल्या दिवशी मुलींनी शाळेतून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मग एकेक जण पाया पडली. सगळ्यांचं पाया पडणं होईपर्यंत ऊन उतरलं. मग त्या पळाल्या, मैदानाला दहा फेऱ्या. मग समोरासमोर रांगा करून चेंडू मारू लागल्या. मी पाहत होते. चेंडू जमिनीवर पडला की कुठे उडेल याचा नेम नव्हता. पण मला दुसरंच काही तरी खटकत होतं आणि ते काय हे कळायला तीन दिवस लागले. त्या बोलत नव्हत्या. पळताना, झेलताना, पडताना, कोणी आवाज काढत नव्हतं. नुसते पाय आणि चेंडूचे ठोके.

चौथ्या दिवशी चेंडू उंच गेला. दोघी त्याच्याखाली धावल्या, दोघीही वर बघत, आणि एकमेकींवर आदळल्या. एकीचा ओठ फुटला. मी पाणी घेऊन गेले. कॅप्टन म्हणजे एक उंच, काटक मुलगी. ती खाली वाकून दबक्या आवाजात रागावत होती.

"'माझा' म्हणायचं असतं ना गं? सरांनी किती डोकं फोडलं त्याच्यावर."

"काकू बसल्यात ना," ओठ फुटलेली पुटपुटली.

आमच्याकडे ज्या घरात दुःख झालंय, त्या घरच्या माणसासमोर वर्षभर मोठ्यानं बोलत नाहीत, हसत नाहीत. शेजारच्यांनी माझ्यासाठी टीव्हीचा आवाज कमी केला होता. हा खेळ मात्र आवाजावर चालतो. चेंडू कोण घेणार, मागून कोण येतंय, हे ओरडून सांगावं लागतं. मी नसले तर सराव बंद, आणि मी असले तर तो असा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळ बोलावलं. "माझ्यासाठी गप्प राहू नका," म्हणाले. "हो काकू," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मागच्या मुलींचं ऐकूच आलं नाही. त्या दिवशी तर धापासुद्धा दाबून टाकत होत्या.

त्यानंतरच्या दिवशी मी खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली. मैदानाकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी बसलेली दिसले की आयांचं काम भागत होतं. पिशवीतून पुस्तक काढलं.

कॅप्टन धावत आली. "काकू, आमचं काही चुकलं का?"

"नाही गं. ऊन डोळ्यावर येतं."

रस्ता पश्चिमेला आहे. ऊन आता सरळ माझ्या तोंडावर येत होतं. तिनं एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गेली.

आधी नुसते चेंडूचे ठोके. मग कोणी तरी "माझा" म्हणालं, घसा साफ करावा तसं. मग दुसऱ्या बाजूनं, जरा मोठ्यानं. हळूहळू मागे मैदान बोलू लागलं. "मागं हाय, मागं हाय." "दे की लवकर." "डोळे घरी ठेवून आलीस का?" कोणी तरी आपटलं आणि बाकीच्या हसल्या.

मग एक आवाज आला. जाडा केलेला, शेवटचा शब्द ओढून म्हटलेला.

"चेंडूला मिठी मारून रडायलात काय गं? सासरी चाललाय का तो? सोडा त्याला."

सगळ्या जणी खदखदल्या. नक्कल सरांची होती. शब्द ओढायची लकब अगदी तीच. घरी ते त्याच लकबीत "पाणी आलं का" एवढंच विचारायचे. जेवायचे, पेपर वाचायचे, झोपायचे. तीस वर्षांत त्यांनी मला हसवल्याचं आठवत नाही, आणि मीही कधी तशी वाट पाहिली नव्हती. हा माणूस इथे असा बोलायचा.

नक्कल पुन्हा झाली. कोण करतंय ते बघावं, तिचा चेहरा बघावा, असं इतकं वाटलं की मान अर्धी वळली. पण मी वळले असते तर सगळं पुन्हा बंद पडलं असतं. पुस्तकाच्या त्याच पानावर बोट ठेवून मी ऐकत राहिले. ती आणखी दोन वाक्यं बोलली. एक मला नीट ऐकू आलं नाही. ते विचारताही येण्यासारखं नव्हतं.

सायकलवरचा एक ओळखीचा माणूस थांबला. "काय वहिनी, एवढ्या कशाला ओरडायल्यात पोरी?"

"सराव चाललाय."

"अन् तुमी इकडं तोंड करून?"

"हो," मी म्हणाले. तो पायडल मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा खुर्ची आधीच मांडलेली होती. रस्त्याकडे तोंड करून. रोजच्यासारखं पाया पडायला कोणी आलं नाही. मी बसले आणि पुस्तक उघडलं.