मी फॉर्मवर "नाही" लिहिलं होतं

गेल्या बुधवारी पनवेलच्या मच्छी मार्केटमध्ये हिराबाईने मला बोंबलांचा एक वाटा फुकट दिला. ती मोरा बंदरावरून मासळी घेऊन येते. फुकट द्यायची तिची रीत नाही... दोन बोंबील वर मागितले तरी चार शब्द ऐकवते.

"ठेव गो बाय. तुजे उपकार हायेत आमच्यावर."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. तिचा मुलगा दुबईची नोकरी संपवून कायमचा परत आलाय. तिकडे कंपनीचा विमा होता, इथे काहीच नाही. म्हणून एक एजंट घरी येऊन सगळ्या कुटुंबाचा आरोग्य विमा काढा म्हणत होता.

"सुनंनी तुजा लिवलेला मोबाईलवर वाचून दाकवला. तुजा फोटू पन होता. मी बोलले, ही तं माजी गिऱ्हाईक हाय, ही खोटा कशाला लिवंल? दिला हाकलून त्या मानसाला!"

मी बोंबील पिशवीत घातले... हसलेसुद्धा... आणि घरी आले.

ती पोस्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचली असेल. आमचे हे वारल्यानंतर दीड महिन्याने मी लिहिली होती. विमा कंपन्या हप्ते घेतात आणि वेळ आली की हात वर करतात, असं. तुम्ही मला खूप धीर दिलात, कितीतरी जणांनी ती पुढे पाठवली. तिच्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

आम्ही चौदा वर्षं मस्कतला होतो. तिथे ह्यांच्या कंपनीचं कार्ड दाखवलं की दवाखान्यात कोणी काही विचारत नसे. नोकरी संपली त्या दिवशी कार्डही संपलं.

पनवेलला आल्यावर मोबाईलवर विम्याचा फॉर्म भरायला मीच बसले. माझं शिक्षण दहावी, पण हाताला लागेल ते वाचायची सवय... म्हणून घरातले सगळे कागद माझ्याकडेच.

फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात कोणाला मधुमेह आहे का. ह्यांना सहा वर्षांपासून शुगर होती. मी "नाही" निवडलं.

प्रश्न समजला नाही असं म्हणायची मला सोय नाही... दोनदा वाचला होता. खरं लिहिलं तर विमाच देणार नाहीत अशी भीती वाटली. दवाखान्याची फाइल तर मस्कतला राहिली, इथे कोण बघतंय, अशी मी माझीच समजूत घातली.

पुढच्या वर्षी ह्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. अ‍ॅडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ह्यांनीच सरळ सांगितलं, शुगर आहे, मस्कतपासून आहे. तेच केसपेपरवर आलं आणि आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर झाला.

साठवलेलं होतं त्यात उपचार झाले. पैशांवाचून काही अडलं नाही, हे गेले ते दुखण्यानेच. पण आयसीयूत ह्यांनी मला विचारलं होतं, "फॉर्मवर शुगरचं लिहिलं होतंस ना गं?"

मी हो म्हटलं.

"मग लबाड आहेत ते," म्हणाले, आणि माझा हात थोपटला.

ती पोस्ट मी ह्यांच्या त्या एका वाक्यावर लिहिली.

बुधवारी घरी आले तर टेबलावर नवा फॉर्म होता. माझा, सासूबाईंचा आणि मुलीचा. आजारांचं पान मी आठवडाभर कोरं ठेवलं होतं... बीपीची गोळी आता मलाही चालू आहे.

बोंबील तळले, जेवायला बसलो. सासूबाई म्हणाल्या, "माझी शुगर लिहू नकोस हो. महाग पडेल. कोण येतंय बघायला?"

त्याच ताटावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचाच मुलगा तो... त्या ताटावरून उठल्या. मग हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "खरं काय ते लिही. सही कुठे करू ते दाखव."

त्यांची शुगर लिहिली, माझी गोळी नावासकट लिहिली. हप्ता वाढला, आणि शुगरमुळे येणारी दुखणी विम्यात धरायला काही वर्षं थांबावं लागणार आहे. असू दे.

शुक्रवारी हिराबाईकडे गेले. गर्दी ओसरल्यावर तिलाही सगळं सांगितलं. तिचा मासे कापणारा हात थांबला.

"म्हंजे त्या मानसाला आमी उगाच हाकलला?"

"हो."

"आनि माजे बोंबील खाल्लेस?"

"खाल्ले."

"लाज नाय वाटली?"

"वाटली."

ती पुन्हा मासे कापायला लागली. मला वाटलं, संपलं. मग मान वर न करता म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला दमा हाय. तो पन लिवायचा क?"

"लिहायचा. पहिल्यांदा तोच."

"मंग रविवारी ये मोऱ्याला. बस सुनंसंगती. तुजा तोंड बगायचा नाय हाय मना, पन तुला वाचता येतं."

काल जाऊन आले. तिच्या सुनेने त्या एजंटला परत फोन केला, आणि दमा आम्ही ठळक अक्षरात लिहिला. हिराबाईने चहा दिला, पण बोलली नाही.

जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही, तिच्याखालीही हेच लिहिते आहे. ती वाचून तुमच्यापैकी कोणी विमा काढायचं थांबवलं असेल तर कृपा करून काढा... आणि जे आजार आहेत ते लिहा.

हे सगळं ह्यांना सांगायचं होतं. राहून गेलं... म्हणून इथे सांगितलं.