मेथीच्या पाटीतली तलंग

सासरी येऊन दोन पावसाळे झाले, तरी मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कोकणातून इतक्या लांब, बुलढाण्याच्या काळ्या मातीत आलेली. शाळा सातवीलाच सुटलेली. तोंड उघडलं की काहीतरी चुकणार, ही धास्ती कायम. भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा दोन-दोनदा विचारायची. सासूबाई म्हणायच्या, "मीठ टाकाचं हाये वो, सही नाई कराची."

मग एकदा धीर करून मागितलं. काय, तर कोंबड्या. माहेरी अंगणात कायम असायच्या, इथलं अंगण मला मुकं वाटायचं.

आमच्या घरी भाजीपाल्याचं काम. अशा घरात कोंबडी म्हणजे वाफ्यांची वैरीण. तरी पुढच्या बाजाराला सासूबाई धाड गावाहून चार तलंगा घेऊन आल्या. तलंगा म्हणजे वयात येऊ घातलेल्या, पण अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. पायांची सुतळी सोडता सोडता त्यांनी अट सांगून टाकली, "परसात कांद्याचं रोप टाकाचं हाये. तोवर अंडे दिले त राहू दे. नाई त आल्या त्याच बाजारात वापस."

माझ्या मनाने घेतलं की तलंगा परत गेल्या तर माझं मागणंच परत जाणार. मग पुन्हा काही मागायला तोंड उघडणार नाही.

सुरुवातीला त्यांना खुराड्यातच ठेवलं, घर ओळखीचं व्हावं म्हणून. दार उघडलं तर त्या थेट गोठ्याच्या छपरावर. संध्याकाळी मी माहेरी मारायचे तशी हाक मारमारून दमले, एकही मान वळवीना. बाजेवर बसलेले सासरे म्हणाले, "धाडच्या हायेत त्या. तुही बोली समजाले टाइम लागन. आमाले लागला तसा."

पुढे समजू लागली. दिवस मावळला की आपल्या आपण खुराड्यात शिरायच्या. तुरे लाल व्हायला लागले. पाठीवर हात ठेवला की एक तांबूस तलंग पंख पसरून खाली बसायची. हे अंड्यावर आल्याचं लक्षण, एवढं मला ठाऊक होतं. मी एका टोपलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, घालून तिच्यासाठी जागा केली.

आणि तिथेच माझी धास्ती कामाला लागली. टोपली खुराड्याजवळ ठेवली, तर वाटलं ऊन येतंय. गोठ्यात नेली, तर वाटलं म्हैस शिंग मारील. तिथून चुलीमागे, चुलीमागून जिन्याखाली. तलंग एके ठिकाणी येऊन, मान वाकडी करून बघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथे टोपलीच नसायची.

"काऊन वो," सासूबाई म्हणाल्या, "हे कोंबडी हाये का तलाठी? रोज बदली करून राह्यली तिची!"

सासऱ्यांचा रोजचा प्रश्न वेगळाच, "टेम्पो सांगू का अंड्याले? का अजून एक दिस थांबू?"

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगो, दम धर." दम सोडून सगळं माझ्याजवळ होतं.

इकडे परसातले वाफे तयार झाले. कांद्याचं बी भिजत पडलं. बाजाराच्या दिवशी सासूबाई सकाळीच सुतळी घेऊन आल्या. तीन तलंगा मी धरून दिल्या. चौथी, ती तांबूस, कुठे दिसेना. मी खुराडं बघितलं, छप्पर बघितलं, जिन्याखाली वाकून बघितलं.

तेवढ्यात नवरा ओसरीवरून ओरडला, "माय, मेथी काह्यात भरू? पाटीत हे बसून हाये!"

सासूबाईंची मेथीची पाटी. ओसरीच्या कोपऱ्यात ती जिथे असते तिथेच असते. तिला हात लावायची माझी कधी हिंमतच झाली नव्हती. सगळ्या घरात तेवढीच एक टोपली मी हलवली नव्हती. तलंगेने नेमकी तीच निवडली. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती.

नवरा तिला उचलायला वाकला.

"हात नको लावू!" सासूबाई ओरडल्या. "मेथी चादरीत बांध."

"कोनत्या चादरीत?"

"तुया आंगावरच्या!"

रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. "सांग त्याले, दम काढ," सासूबाई म्हणाल्या, "घरात बाळंतीण हाये." नवऱ्याने खरंच जाऊन तसंच सांगितलं. हॉर्न थांबला. जीपवाल्याने विचारलेलं आम्हाला ओसरीवर ऐकू आलं, "पोरगा का पोरगी?"

मला राहवेना. मी वाकून बघायला गेले, तर सासूबाईंनी दंड धरून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "तू पाह्यलं का तिचं अडते. अशीच बस." मी बसले. मागे पाटी करकरली. मग खूप वेळ काहीच नाही. मग तलंगेने जो काही गलका केला, तो ऐकून बांधलेल्या तिघीसुद्धा ओरडायला लागल्या.

अंडं लहानसं होतं, त्यावर रक्ताची एक बारीक रेघ. गरम होतं. मी ते घेऊन उभीच राहिले. डोळ्यांत पाणी आलं, तर सासूबाई म्हणाल्या, "रडू नको वो, तू नाई दिलं ते." अंडं त्यांनी परत पाटीत ठेवायला लावलं. खुणेचं एक राहिलं की बाकीच्याही तिथेच बसतात, म्हणून. मग खाली बसून त्यांनी तिघींचे पाय सोडले.

चादरीत बांधलेली मेथी घेऊन नवरा गेला. सासरे कोयता घेऊन बांधावर गेले आणि बोरीच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या, वाफ्यांना कुंपण करायला. मी फांद्या धरत होते, ते दगडाने दाबत होते.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "आता पुढं काय पायजे वो तुले? आताच सांगून ठेव, म्हंजे मले पळाले सुचन."

मी फांदी खाली ठेवली.

"कोंबडा," म्हटलं.