परी झोपलेली असताना निघू नका

मित्रांनो, आज सकाळी मी मुकादमाची गाडी अडवली. का, ते ऐका.

दादा-वहिनी ऊसतोडीला निघालते. त्यांची दीड वर्षाची परी माझ्या अन् आईकडंच राहणार. आमच्याकडं लेकरू झोपलं की आई गपचूप निघते, रडारड नको म्हणून. वहिनीनंही पिशवी उचललीच होती.

तेवढ्यात सारिका आली. अंगणवाडीतली. (हो, तीच, जिच्यासाठी मी रोज त्या गल्लीतून गाडी फिरवतो.) तान्ह्या लेकरांच्या मनाचं ट्रेनिंग नुकतंच करून आलीय.

"वहिनी, तिला सांगून जा. नाहीतर उठल्यावर घरभर हुडकंल."

"एवढ्याशा लेकराला काय कळतंय?" मी म्हणलो.

"तुला कॉलेजात जेवढं कळलं, त्यापेक्षा जास्तच!"

बाहेर हॉर्न वाजायला लागला. मी गाडीपुढंच उभा राहिलो. "पाच मिनिटं थांब बे, न्हाईतर चावी काढून घेईन!"

वहिनीनं परीला उठवून पोटाशी धरलं. "मी कामाला चाललेय सोन्या. आजी हाय, काका हाय. मी परत येणार." दोघीही लई रडल्या. मीपण, खोटं कशाला बोलू.

सारिका म्हणाली, "तुझं भांडण पहिल्यांदाच कामाला आलं."

दुपारी परी झोपून उठली. दाराकडं बघून म्हणाली, "आई टाटा." अन् माझ्या मांडीवर येऊन बसली.

तुमच्या गावातून अजून गाड्या निघायच्यात का? मग पाच मिनिटं अडवाल ना?