सात नंबरचा गज

महांतप्पा सरकारी नोकर होता आणि त्याचं काम वाळू मोजायचं होतं. हे कळलं की तेरच्या बाजारात लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे, मग एकमेकांकडे. एखादा हमखास विचारायचा, "दाणा दाणा मोजता का पसा पसा?" महांतप्पा रागवायचा नाही. चेष्टा त्याला कळायची, पण उत्तर सुचेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा आणि विचारणारा आपल्या गावी पोचलेला असायचा.

काम मात्र चेष्टेचं नव्हतं. बेचाळीस साली हैदराबादहून तामीरात, म्हणजे बांधकाम खात्याचे एक इंजिनेर साहेब आले. तेरणेवर बंधारा घालायचा तर पुरात वाळू किती येते, कुठं साचते आणि कुठून निघून जाते, हे आधी कळायला हवं होतं. नाहीतर बंधारा पाण्याऐवजी वाळूनंच भरला असता. तेरच्या खाली नदी मोठं वळण घेते. तिथं साहेबांनी पात्रात बारा लोखंडी गज पार खडकापर्यंत ठोकले, त्यांवर इंचांच्या खुणा पाडल्या आणि नंबर टाकले. विटांच्या दोनशे तुकड्यांवर छिन्नीनं आकडे कोरून ते वाळूत पेरले. पूर ओसरला की प्रत्येक गजापाशी वाळू किती चढली, किती उतरली ते वहीत लिहायचं, मग विटा हुडकत खाली जायचं आणि कोणती वीट किती पावलं गेली तेही लिहायचं. थोडंफार लिहितावाचता येणारा, पट्टीचा पोहणारा आणि कमी बोलणारा माणूस साहेबांना हवा होता. तिन्ही गोष्टी महांतप्पात होत्या, तिसरी जरा जास्तच.

चार वर्षांत त्याला वाळूचा नाद लागला. वाळू वाहते असं आपण म्हणतो. ती वाहत नाही, चालते. पाण्याखाली तिच्या लहान लहान वरंब्या होतात. मागचा दाणा घरंगळत वरंबीवर चढतो, पुढं जाऊन पडतो, त्याच्यावर दुसरा पडतो, आणि असं करत अख्खी वरंबी पुढं सरकते. महांतप्पा गुडघाभर पाण्यात उभा राहून हे तास न् तास बघायचा. घरी त्याची बायको सिद्धम्मा सासूसुनेच्या भांडणाला मुकलेली, कारण घरात सासू नव्हती, होती तिची स्वतःचीच आई गौराबाई. पोरबाळ नव्हतं. उशीर झाला की सिद्धम्मा दारातूनच म्हणायची, "वाळूनं सोडलं का आज?" महांतप्पा हसायचा. तेवढं उत्तर त्याच्याजवळ असायचं.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदी काठ खाते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. सात नंबरचा गज आतल्या अंगाला होता. पहिल्या साली तिथं पाच इंच वाळू चढली, मग चार, मग सात, मग पुन्हा पाच. तिथं वाळूची उंच दांडी तयार झाली, तिच्यावर गवत आलं. आसपासच्या दोन कोसांत महांतप्पाचा एवढा भरवसा दुसऱ्या कशावरच नव्हता.

पंचेचाळीसच्या भाद्रपदात गावात पटकीची साथ शिरली आणि सिद्धम्मा दीड दिवसात गेली. लिंगायतांची रुद्रभूमी, म्हणजे माती द्यायची जागा, नदीपलीकडे होती आणि नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. गौराबाई म्हणाली, "आपल्या शेतातच माती देऊ." महांतप्पा कुदळ घेऊन शेतात गेला. काळ्या रानात हातभर खणलं की खड्डा पाण्यानं भरत होता. शिवाय उन्हाळ्यात याच रानाला खांद्यापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, हे त्याला दिसत होतं. त्या भेगांत तिला ठेवायचं त्याच्या जिवावर आलं. तो परत येऊन म्हणाला, "मामी, सात नंबरच्या दांडीवर नेऊ. चार सालं मोजतुया म्या. तिथं वाळू येती, जात न्हाय."

"तुमी सांगता तर खरंच असंल," गौराबाई म्हणाली.

गुरुलिंग जंगमानं सगळं रीतसर केलं. सिद्धम्माला मांडी घालून बसवलं, कपाळाला भस्म लावलं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं. वाळू लोटून झाल्यावर तिच्या डोक्यावर चार फूट थर होता. महांतप्पानं तो मोजला नव्हता, नजरेनंच कळला. तो रडला नाही. लोक म्हणाले, छातीचा घट्ट आहे. तसं काही नव्हतं. त्याच्या आत काहीच हलत नव्हतं, एवढंच.

शेहेचाळीसचा पूर वळणानं गेलाच नाही. पाणी दांडीवर चढलं आणि सरळ निघालं. ओसरल्यावर महांतप्पानं सात नंबरच्या गजाची खूण पाहिली, पुन्हा पाहिली, बोटानं चाचपून पाहिली. वाळू चौदा इंच उतरली होती.

हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर आले. वहीतला तो आकडा पाहून त्यांचा चेहरा फुलला. "यही तो चाहिए था, महांतप्पा," ते म्हणाले आणि काठीनं वाळूत नदी काढून समजावू लागले. आतली दांडी वाढत जाते तशी पाण्याची वाट लांबत जाते, आणि मग एखाद्या साली पाणी दांडी कापून जवळची वाट धरतं. हे कधी घडतं ते आजवर कुणी इंचांत लिहून ठेवलेलं नव्हतं. "चार साल नदी के लिए क्या होते हैं? चार दिन!" त्यांनी महांतप्पाच्या पाठीवर थाप मारली. महांतप्पा "जी" म्हणाला. दांडीखाली कोण आहे, ते त्यानं सांगितलं नाही. आता यात साहेबांना दोष द्यावा तर तोही लागू पडत नाही. त्यांनी फक्त खरं होतं ते सांगितलं, आणि तेसुद्धा आनंदानं. वाईट वाटतं ते याचंच.

महांतप्पा गुरुलिंगाकडे गेला. "काढून दुसरीकडं न्यावं का?"

गुरुलिंग म्हणाला, "समाधी उकरत न्हायत, आप्पा. ती लिंगात मिळाली. आता तिला हात लावायचा हक्क ना तुमचा, ना माझा." हे सांगताना त्यालाही बरं वाटत नव्हतं.

दांडीच्या तोंडाशी दगड रचावेत, असं पुष्कळदा महांतप्पाच्या मनात आलं. पण दगडाभोवतीची वाळू आधी खचते, हे त्यानंच आपल्या हातानं वहीत लिहिलं होतं. अडाणी असता तर बिचाऱ्यानं दगड तरी रचले असते.

सत्तेचाळीसच्या पुरात सोळा इंच वाळू गेली. सिद्धम्माच्या डोक्यावर अठरा इंच उरली. महांतप्पानं घरी येऊन आकडा सांगितला. लपवायचं त्याला सुचलंच नाही. गौराबाई चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "जेवून घ्या." शिवी दिली असती तर त्याला सोसली असती.

पुढं दिवस वाईट आले. रझाकारांच्या भीतीनं अर्धं गाव निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं निघून गेलं. हैदराबादची पत्रं बंद झाली, साहेबांचा पत्ता नव्हता. ही दोघं गेली नाहीत. का, ते त्यांनी एकमेकांनाही विचारलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात तेरणेला तीन दिवस पूर होता. त्याच दिवसांत नळदुर्गाच्या रस्त्यानं फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. गावात लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, गूळ वाटत होते. महांतप्पाच्याही हातावर कुणीतरी खडा ठेवला. खडा तोंडात टाकून तो ओसरलेल्या नदीत उतरला.

सात नंबरचा गज वाकला होता. दांडी राहिली नव्हती. तिच्या जागी पाण्यानं पाडलेल्या वरंब्यांची स्वच्छ, सपाट वाळू होती. त्यानं इंच मोजले. एकतीस. वही आता कुणी मागणार नव्हतं, तरी त्यानं ओलं बोट धोतराला पुसून आकडा लिहिला. मग तो तसाच उभा राहिला. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं.

मागं काठी वाजली. गौराबाई उतरणीवरून एकटीच खाली आली होती. भस्माची पुडी तिच्या पदराच्या गाठीला होती. तिनं सपाट वाळू पाहिली आणि विचारलं, "गेली का?"

"व्हय, मामी."

"कुठं गेली आसंल?"

"मला विटांचं ठावं हाय. माणसाचं न्हाय."

"विटा कुठं जात्यात?"

"खाली चिंचंच्या वळणाला. हजार पावलं. निम्म्या तिथं थांबत्यात."

"चला मग."

वाटेत तो सवयीनं पावलं मोजू लागला. ओठ हलत होते. गौराबाईनं पाहिलं आणि त्याचा आकडा चुकू नये म्हणून ती काहीच बोलली नाही. चिंचेच्या वळणाला वाळूतून लाल विटांचे कोपरे वर आले होते. तिथं ती खाली बसली, पुडी सोडली आणि ओल्या वाळूवर तीन बोटांनी भस्म ओढलं. बराच वेळ वाळूवर हात ठेवून बसली.

"किती दिस ऱ्हाईल इथं?"

एकदा त्यानं तिला पक्कं सांगितलं होतं. आता खोटं सांगणं अवघड नव्हतं आणि तिनं ते मानलंही असतं.

"पुढल्या पुरापत्तर," तो म्हणाला.

गौराबाईनं मान हलवली. काठीवर भार देऊन उठता उठता म्हणाली, "मग पुढल्या साली कुठं यायचं, ते बी बघून ठिवा."

"व्हय," म्हणायला महांतप्पानं तोंड उघडलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला रडू आलं.