मिल सुटली आणि खोकला लागला

साठी झाली तसं राईस मिलच्या शेठने ह्यांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. आमच्या लग्नाआधीपासून हे त्याच मशीनवर. घरी बसले आणि खोकला सुरू झाला, तो थांबेचना.

मिलमधल्या लोकांची एक पक्की समजूत आहे. धूळ कामावर असताना बाधत नाही, काम सुटलं की बाधते. घामावाटे कोंडा निघून जातो, संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की उरलासुरला पोटात उतरतो. बसला तो गेला, असं म्हणतात. खोटं तरी कसं म्हणू? ह्यांच्याआधी घरी बसलेले दोघे वर्षाच्या आत गेले. त्यांच्या मातीलाही सगळे माना हलवून हेच बोलत होते.

तरी मला ही समजूत पटत नव्हती. ओढून डॉक्टरकडे नेलं. छातीचा फोटो त्याने उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाला, "फेफड़ों में धूल जम गई है. अब मिल की तरफ देखना भी मत."

ह्यांचे कान मशीनने केव्हाच खाल्लेत. मीच कानाशी ओरडून सांगितलं.

"त्याले काय समजते? बसून राहिलो म्हून खोकलून राहिलो," हे म्हणाले.

दिवाळीनंतर धान आलं, मिलमध्ये माणूस कमी पडला आणि शेठचा निरोप आला. मी दारात आडवी झाले, रडले, नाही नाही ते बोलले.

"घरी बसवून मारतं का मले?" म्हणाले आणि चपला घालून निघाले.

संध्याकाळी हसतच आले. "पाह्य वो, दिवसभर खोकललो नाही." रोज हेच. चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत होता. तरी मला वाटायला लागलं, असेल बाई त्यांचं खरं.

एकदा डबा घरीच राहिला, तो द्यायला मी मिलमध्ये गेले. तिथे मशीनच्या धडधडीत स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. धुळीत हे मशीनला एक हात टेकवून कमरेत वाकले होते. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, खांदे गदागदा हलत होते. खोकल्याचा आवाज कुठेच नव्हता. शेजारच्या मशीनवरचा तरणाताठा माणूसही तसाच हलत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मी दिसले तशी ह्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि हात हलवून खूण केली, बरा आहो.

मला धडकीच भरली. घरी चला, घरी चला, म्हणून मी ओरडत राहिले. हे हसले आणि मशीनकडे वळले.